चाचणी फडावरच्या गुडघ्याची



सांध्यांची कूर्चा दुरुस्त करणाऱ्या बायोमटेरिअलवरची परिषद सिंदफणेकाठच्या शिरूर कासारला कशासाठी, असं काहींनी विचारलं. दसरा सरला की आमच्या वाड्या-वस्त्यांवरची कुटुंबं कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. वाकून बुडख्याशी घाव घालायचा, पाचट काढायचं, उकिडवं बसून मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन शिडीने ट्रकवर चढायचं. चाळिशीतली बाई ‘गादी झिजली’ म्हणत दवाखान्याची पायरी धरून चढते, ती एवढं सोसून. म्हणून शिरूरला!

कूर्चेची जाडी जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी नाही, म्हणून जखम आपणहून भरत नाही. कूर्चेची जखम भरत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी 1743 मध्येच लिहून ठेवलं होतं. 1994 मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी वाढवून गुडघ्यात परत बसवल्याचं प्रसिद्ध केलं आणि 2017 मध्ये आपल्याकडे मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसला तशा उपचाराची परवानगी मिळाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ यांनी रेशमातल्या फायब्रोइन प्रथिनावर काम केलं, ते हाडांसाठी. बीड जिल्ह्यात तुती लावून रेशमाचे कोष काढणारे शेतकरी पुष्कळ आहेत, त्यांनी हे आवर्जून ऐकावं.

संशोधकांनो, माझं मागणं कूर्चेसाठीच्या अशा पदार्थांच्या चाचणीबद्दल आहे. पदार्थ पेशींना मारक नाही ना, 37 अंशांच्या क्षारद्रावणात तो किती फुगतो, कधी विरतो, सॅफ्रानिनचा लाल रंग धरणारी खरी कूर्चा तयार झाली की नुसता व्रण, हे तपासायलाच हवं. पण दाबयंत्रावर भार किती द्यायचा आणि किती वेळा, हे कोणाचा गुडघा पाहून ठरवायचं? कृत्रिम गुडघ्याची झीज मोजणारी आंतरराष्ट्रीय मानक चाचणीसुद्धा चालण्यावर बेतलेली आहे. पूर्ण दुमडलेला गुडघा आणि डोक्यावर मोळी घेऊन चढणारा गुडघा, दोन्ही तुमच्या यंत्राला ठाऊक झाले पाहिजेत.

दुपारच्या सत्रात फडावर राबलेले स्त्री-पुरुष तुमच्यासमोर बसतील. दिवसाला किती मोळ्या, किती वेळ उकिडवं, दुखणं आधी चढताना की उतरताना, हे त्यांना विचारा आणि वहीत आकडे घ्या. त्याआधी मंडपात बाजरीची भाकरी तयार आहे. यावं.