साहाय्यक प्रथिनांना परिशिष्टात टाकू नका



परिषदेच्या विषयावर चार शब्द बोलण्याची मुभा स्वागताध्यक्षाला असते, तिचा लाभ घेतो. मूत्रपिंडातील आयन चॅनेलची चर्चा आपण तपशिलाने करतो आणि त्यांच्या साहाय्यक प्रथिनांना परिशिष्टात टाकतो. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. चॅनेल पेशीच्या पटलावर पोचणार का, तिथे किती काळ टिकणार, हे पुष्कळदा ही प्रथिनेच ठरवतात; म्हणून रोगाचे मूळ शोधताना त्यांची चौकशी पहिल्यापासून व्हायला हवी.

निरोगी माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात दीड किलोच्या आसपास मीठ असते आणि त्यातले जवळजवळ ९९ टक्के नलिका परत घेतात. उरलेल्या टक्क्यात थोडे मागेपुढे झाले तरी रक्तदाब हलतो. १९६३ मध्ये ग्रँट लिडल आणि सहकाऱ्यांनी अशा एका कुटुंबाची नोंद केली. तरुणपणीच उच्च रक्तदाब, पोटॅशियम कमी आणि तरीही ॲल्डोस्टेरोन नगण्य. स्पायरोनोलॅक्टोनने गुण येईना, ट्रायमटेरीनने येई. १९९४ मध्ये दोष सापडला तो एनॅक या सोडियम चॅनेलच्या बीटा घटकात. पण आयन ज्या छिद्रातून जातात ते शाबूत होते; बिघडले होते चॅनेलचे पेशीच्या आतले टोक. नेड-फोर-टू नावाचे प्रथिन तिथेच चिकटते, चॅनेलवर युबिक्विटिनची खूण करते आणि त्याला पटलावरून उचलायला लावते. चिकटायची जागाच गेल्यावर चॅनेल पटलावर साचत राहतात आणि मीठ अंगात मुरत राहते.

दुसरा पुरावा याहून बोलका आहे. सीएलसी-केए आणि सीएलसी-केबी या क्लोराइड चॅनेलची मानवी जनुके १९९० च्या दशकात हाती आली. पण बेडकाच्या अंडपेशीत घातल्यावर त्यांतून विद्युतप्रवाह काही मिळेना. २००१ मध्ये बार्टिन हे प्रथिन सापडले, ते सोबत घालताच प्रवाह वाहू लागला. बार्टिनच्या जनुकात दोष असलेल्या मुलांच्या लघवीतून मीठ वाहून जाते आणि त्यांना ऐकूही येत नाही, कारण अंतर्कर्णातही हीच जोडी काम करते. एकट्या केबीचा दोष असेल तर बहिरेपण येत नाही. २००४ मध्ये मात्र दोन्ही चॅनेलची जनुके एकाच वेळी बिघडलेल्या रुग्णात बार्टिनदोषाचेच चित्र दिसले. एक साहाय्यक प्रथिन जाणे म्हणजे दोन चॅनेल जाणे, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हे विकार दुर्मिळ आहेत. रोजच्या ओपीडीत त्यांचा काय उपयोग? पण विकार दुर्मिळ असला तरी यंत्रणा प्रत्येकात आहे. ॲल्डोस्टेरोन वाढले की एसजीके-वन हे एन्झाइम नेड-फोर-टूला फॉस्फेट जोडते, त्याची पकड सुटते आणि एनॅक पटलावर टिकते. स्पायरोनोलॅक्टोनची गोळी जो आदेश अडवते, तो याच वाटेने जातो. लिडलच्या रुग्णांत ती वाया का गेली, याचेही उत्तर इथेच मिळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अमिलोराइडसारखी औषधे थेट चॅनेललाच अडवतात आणि नेड-फोर-टू अनेक अवयवांत कामावर असल्याने त्याला हात लावणे धोक्याचे. नेड-फोर-टूपुरता तो मला मान्य आहे. पण बार्टिनचे मुख्य कार्यक्षेत्र मूत्रपिंड आणि अंतर्कर्ण एवढेच आहे; म्हणजे सर्व साहाय्यक प्रथिनांना एकाच न्यायाने बाद करता येणार नाही. शिवाय औषध चॅनेलवर बेतायचे असले, तरी त्याची चाचणी सोबत्याशिवाय घेतली तर निकाल फसवा येऊ शकतो.

म्हणून निबंध वाचणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. चॅनेलचा आलेख दाखवाल तेव्हा त्या पेशीत कोणती साहाय्यक प्रथिने होती, हेही सांगा. आणि प्रवाह मिळाला नसेल, तर चॅनेल निकामी ठरवण्यापूर्वी त्याचा सोबती तिथे होता का, ते तपासा. एवढी शिस्त या परिषदेने घालून दिली तरी स्वागत समितीच्या श्रमांचे चीज झाले असे मी मानेन.