दिवस जाण्यामागचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मी वैद्य नाही. केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात आयुष्य गेलेला एक पदवीधर, एवढीच माझी ओळख. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण तो निम्मा वैद्यकाचा असला तरी निम्मा हिशेबाचा आहे. आणि हा हिशेब चुकला म्हणजे त्याचा भुर्दंड कोणाला पडतो, हे आपण सर्वजण पाहत आलो आहोत. लग्नाला दोन वर्षे उलटली की घरादाराचे डोळे सुनेकडे लागतात. नवस बोलले जातात, सोळा सोमवार धरले जातात. चिरंजीवांना मात्र कोणी काही विचारीत नाही.

असे विषय मराठीत उघडपणे मांडण्याची वाट र. धों. कर्वे यांनी पाडली. तेही गणिताचेच प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांचा भर नको असलेली संतती टाळण्यावर होता. मी बोलणार आहे ते हव्या असलेल्या संततीविषयी. शरीराचा हिशेब मात्र दोहोंना एकच.

स्त्रीच्या बीजकोशातून महिन्याकाठी सामान्यतः एक बीज बाहेर पडते. यालाच डॉक्टर ‘ओव्ह्युलेशन’ म्हणतात. आपण बीजोत्सर्ग म्हणू. तो केव्हा होतो, याविषयी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय डॉक्टरांचीही समजूत चुकीची होती. पाळी संपताच गर्भधारणेचा काळ येतो आणि दोन पाळ्यांमधला काळ निर्धास्त असतो, असे ते सांगत. आपल्या शास्त्रकारांनी पाळीपासून सोळा रात्रींचा ऋतुकाल मानला, तो त्या मानाने वस्तुस्थितीला अधिक जवळचा. (सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या, या त्यांच्या पुस्तीला मात्र कसलाही आधार नाही.) खरा उलगडा १९२० च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केला. मागील पाळीपासून पुढे मोजण्याऐवजी येणाऱ्या पाळीपासून मागे मोजावे, हे त्यांच्या शोधाचे मर्म. बीजोत्सर्ग पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी होतो.

या गणिताचा एक प्रयोग आपल्या मल्लेश्वरमपासून पन्नासएक किलोमीटरवर झाला आहे. म्हैसूर रस्त्यावरील रामनगरम आपण ओळखतो ते रेशीमकोषांच्या बाजारामुळे आणि ‘शोले’तील खडकांमुळे. १९५१-५२ मध्ये भारत सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने डॉ. अब्राहम स्टोन या अमेरिकन तज्ज्ञांना पाठविले, आणि रामनगरम व दिल्लीतील लोदी कॉलनी येथे ही पद्धत कुटुंबनियोजनासाठी अजमावून पाहण्यात आली. दिवस मोजणे सोपे जावे म्हणून स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवायचा. पद्धत नेमाने पाळणारी जोडपी थोडीच निघाली. मला यात स्त्रियांचा दोष दिसत नाही. ज्यांचे ऋतुचक्र दर महिन्याला बदलते, त्यांचा हिशेब ठरावीक मण्यांच्या माळेत कसा बसावा?

नेमकी हीच अडचण आज मूल हवे असलेल्या जोडप्यांना पडते. ‘चौदावा दिवस’ हे शब्द सर्वांना पाठ असतात. अठ्ठावीस दिवसांच्या चक्राला ते ठीक आहे. परंतु पाळी पस्तीस दिवसांनी येत असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, आणि चोवीस दिवसांनी येत असेल तर दहाव्या. सुटलेले बीज फार तर चोवीस तास टिकते. शुक्रजंतू मात्र गर्भमार्गात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून उपयोगाचे दिवस सहाच: बीजोत्सर्गाचा दिवस आणि त्याआधीचे पाच. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या विल्कॉक्स यांच्या अभ्यासात २२१ स्त्रियांच्या नोंदींवरून हेच दिसले. पस्तीस दिवसांचे चक्र असलेले जोडपे चौदाव्या दिवसाच्या आसपासच दक्ष राहील, तर त्याचा महिना वायाच गेला.

शरीर स्वतःही खुणा देते. बीजोत्सर्ग जवळ आला की योनिमार्गातील स्राव अंड्यातील पांढऱ्या भागासारखा पारदर्शक व ताणला जाणारा होतो. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी घेतलेले तापमान बीजोत्सर्गानंतर किंचित वाढते. पण ही खूण वेळ टळल्यावर कळते, पुढील महिन्याच्या अंदाजासाठीच ती कामाची. औषधांच्या दुकानात मिळणारी लघवीच्या तपासणीची पट्टी साधारण एक-दीड दिवस आधी सूचना देते. बीजकोशात गाठी होण्याचा जो ‘पीसीओएस’ नावाचा विकार आहे, त्यात ही पट्टी फसवू शकते. फोनमधील ॲप बहुधा मागील तारखांवरून अंदाजच बांधते, हेही ध्यानात असावे. एवढी खटपट नको असेल त्यांनी पाळी थांबल्यापासून दिवसाआड एकत्र यावे. सहा दिवस आपोआप त्यात येतात.

सर्व जुळूनही निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात यश येण्याचा संभव चार-पाचांत एक इतकाच असतो. वर्षभरात शंभरांतील ऐंशी ते पंच्याऐंशी जोडप्यांना दिवस राहतात. तेव्हा तिसऱ्या महिन्यातच सासूबाईंनी सुस्कारे टाकू नयेत. मात्र वर्ष उलटले, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असून सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब नको. थायरॉईडचा दोष किंवा गर्भनलिका बंद असणे ही कारणे तारखांच्या वहीत दिसत नाहीत. आपल्या देशात क्षयानेही नलिका बंद होतात.

डॉक्टरांकडे जाताना सहा महिन्यांच्या तारखांची वही न्यावी, आणि जावे ते दोघांनी. सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा वाटा असतो, आणि पुरुषाची पहिली तपासणी सर्वांत सोपी: दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर वीर्याचा एक नमुना द्यायचा. भूल नाही, शस्त्र नाही. तरीही पत्नीच्या दुर्बीण-तपासण्या उरकून झाल्यावर नवऱ्याला ही आठवण व्हावी, असे सुशिक्षित घरांतही घडते. पहिला अहवाल वाईट आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच-तीन महिने लागतात. मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल तर त्याचाही परिणाम दिसतो, म्हणून तपासणी पुन्हा करून घेतात.