गर्भपात : दैवाचा नव्हे, श्रमाच्या अटींचा प्रश्न



चंडीमंदिर येथे भूसेनेच्या पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे. सेनादलांतील स्त्री-अधिकाऱ्यांना मिळणारी भरपगारी प्रसूतिरजा 2023 साली सर्व दर्जांच्या स्त्री-सैनिकांना लागू करण्यात आली. गरोदर स्त्रीला वेतनासह विश्रांती देणे शासनाला शक्य आहे, हे यावरून सिद्ध होते. मग बीडहून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला ती का मिळू नये?

कारण तिची कामगार म्हणून स्वतंत्र नोंदच होत नाही. नवराबायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाची उचल त्या कोयत्यावर. पहाटेपासून वाकून तोडणी. मग डोक्यावर जड मोळी घेऊन गाडी भरणे, पुष्कळदा रात्रीसुद्धा. एक दिवस चुकला की खाडा : मजुरी बुडते आणि वर दंड. म्हणून पोटात गर्भ असतानाही कोयता थांबत नाही, आणि गर्भ पडल्यानंतरही थांबत नाही.

प्रत्येक गर्भपात कामामुळेच होतो असे नव्हे. परंतु कामाचा वाटा नाकारता येत नाही. एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केलेल्या स्त्रियांत पुढील आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे 32 टक्क्यांनी अधिक असल्याचे डेन्मार्कमधील 2019 सालच्या अभ्यासात दिसून आले. त्या पगारी नोकरदार स्त्रिया होत्या. त्यांच्या डोक्यावर मोळी नव्हती.

गर्भपातानंतर सहा आठवड्यांची भरपगारी रजा 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने दिली; 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. पण जिचे नाव हजेरीपटावरच नाही, तिने ती कोणाकडे मागावी? कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो आणि मुकादम उचलीकडे!

2019 साली शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, अशा अवस्थेत केलेल्या शस्त्रक्रियेला स्वेच्छा म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. स्त्रीच्या नावाची स्वतंत्र नोंद व तिच्या हाती स्वतंत्र मजुरी. खाड्याच्या दंडाला पूर्ण बंदी. गरोदर स्त्रीला मोळी उचलण्यापासून व रात्रीच्या भरणीपासून मुक्तता. कारखान्याच्या खर्चाने रजा व फडावर वैद्यकीय तपासणी. स्त्रीच्या श्रमावर कारखान्याचे गाळप चालते; तिच्या शरीराची जबाबदारीही कारखान्याने घेतलीच पाहिजे.