कळ पायात, मूळ कमरेत



सकाळपासून बघतेय, खुर्चीतून उठताना आपली निम्मी बॅच कमरेला हात लावते. म्हणून सायटिकावर बोलते. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर. हे दुखणं भोगलंय, एवढाच माझा अधिकार.

नांदुऱ्याहून जळगाव जामोदला एसटीने येताना कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज चमकावी तशी कळ गेली. मी आठवडाभर पोटरीलाच बाम चोळला! सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. ती कमरेतून निघून मांडीमागून खाली पावलाकडे जाते. बहुधा मणक्यांमधली चकती सरकून तिच्या मुळाशी दाब येतो. बिघाड एकीकडे, एरर दुसरीकडे. आमच्या धंद्यात हे रोजचंच. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी तसा लंगडत चालतो.

दुसरी चूक मोठी. १५ दिवस मी अंथरुण सोडलं नाही. बहुतेकांचं दुखणं ६ ते १२ आठवड्यांत ओसरतं, पण पडून राहून ते लवकर जात नाही, उलट स्नायू ढिले पडतात. जमेल तेवढं चालायचं, अर्ध्या तासाने खुर्ची सोडायची, ओझं गुडघे वाकवून उचलायचं. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यायचे.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर नस बसवणाऱ्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

बराच वेळ बसलात. उठा, पटांगणाला एक चक्कर मारू. सर, तुम्ही पुढे व्हा.