पाट्या वाचत शिकलेला कवी

मागे लाटांचा आवाज येतोय ना, तो एडिटमध्ये काढणार नाहीये. आज मी हरिहरेश्वरला आहे. प्रदक्षिणेच्या वाटेपासून जरा लांबच बसलोय, भरती आहे, उगाच हिरोगिरी नको.

इथून जवळच सावित्री नदी समुद्राला मिळते. ती येते महाडवरून. महाड म्हणजे चवदार तळं, २० मार्च १९२७. तेव्हा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात एक साडेचार वर्षांचा पोरगा होता, वामन कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२. त्या तळ्याच्या पाण्यावर पुढे गाणी होणार होती, आणि ती गाणी रचणाऱ्यांत हा पोरगा असणार होता.

पण त्याला अक्षरओळखच नव्हती. पोट भरायला मुंबईत आला, मिळेल ती मजुरी केली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायचा. एकदा एक जण पत्र घेऊन आला, म्हणाला, जरा वाचून दाखव. झालं! वाचता येत नाही हे सांगायची वेळ आली आणि त्याला रडू कोसळलं. मग देहलवी नावाच्या मास्तरांनी बाराखडी शिकवली. उरलेली शाळा रस्त्यावर भरली. दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरं आली. आपण ज्या पाट्यांकडे बघतही नाही, त्या!

१९४३ मध्ये पहिलं गाणं झालं, तेही एका हिंदी गाण्याचं विडंबन. लोक हसले. मला हे फार आवडतं, कारण सुरुवात अगदी आपल्यासारखी आहे, चालू गाण्याच्या चालीवर शब्द बसवायचे. पण पुढे विषय बदलला. बाबासाहेबांचा विचार आला, आणि वस्त्यांमधून, जयंतीच्या मंडपांतून वामनदादा गात सुटले. अमेरिकेत गिटार घेऊन स्वतःची गाणी गात फिरणाऱ्याला सिंगर-साँगरायटर म्हणतात. आपल्याकडे त्याला शाहीर म्हणतात, आणि शाहिराला स्टेज लागतंच असं नाही.

'वाटचाल' हा गीतसंग्रह आला १९७३ मध्ये. म्हणजे पहिल्या गाण्यानंतर ३० वर्षांनी! तोवर गाणी मुख्यतः तोंडातोंडी फिरली. त्यात एक गंमत झाली, खरं तर गंमत नाहीच. गाणं पोचलं, नाव मागे राहिलं. आजही १४ एप्रिलला डीजेवर वाजणाऱ्या गाण्यांत दादांची गाणी असतात, आणि नाचणाऱ्या पोरांना कवी विचारा, गायकाचं नाव सांगतील. मीही तेच सांगायचो.

आज एक काम करा. तुमच्या प्लेलिस्टमधलं भीमगीत उघडा आणि खाली गीतकाराचं नाव दिलंय का बघा. नसेल तर कमेंटमध्ये लिहून टाका.

चला, भरती वाढतेय. माइक बंद करतो.