स्लॅब पडला म्हणजे काय?

‘काल आमचा तिसरा स्लॅब पडला.’ हे वाक्य साइटवरचा मुकादम हसतमुखाने बोलला, तर समजावं की काँक्रीट भरून झालं, आता पेढे येतील. हेच वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात आलं, तर मात्र पोटात गोळा येतो. शब्द तेच, अर्थ दोन टोकांचे! आपण माणसं बोलणाऱ्याचा चेहरा आणि प्रसंग पाहून अर्थ लावतो. पण ऐकणारा माणूसच नसेल तर?

अशा एका नव्या श्रोत्याविषयी आज बोलायचं आहे. मोठ्या बांधकामाचा कारभार पूर्वी वह्यांतून चाले. हजेरीचं मस्टर, मापांची वही, साइटची डायरी आणि नकाशांची भेंडोळी. पुढे हे सारं संगणकावर आलं. अमेरिकेत २००२ साली सुरू झालेली ‘प्रोकोअर’ ही अशीच एक प्रणाली. रोजची नोंद, वास्तुविशारदाला विचारलेले प्रश्न, वाढीव कामाचा खर्च, शेवटी उरलेल्या किरकोळ दुरुस्त्यांची यादी, सगळं तिथे एका जागी असतं.

आता या प्रणालीसमोर माणसाऐवजी ‘एआय एजंट’ बसू लागला आहे. एजंट म्हणजे नुसती उत्तरं देणारं नव्हे, तर आपल्या वतीने काम उरकणारं यंत्र. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिच्यात एजंटच्या हाती ‘टूल्स’, म्हणजे हत्यारं दिली जातात. प्रत्येक हत्याराला एक नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा तक्ता असतो. गवंडी थापी हातात घेतो, वजन जोखतो, आणि तिचं काय करायचं ते त्याला कळतं. एजंटला हत्यार दिसत नाही. त्याला दिसते ती फक्त वर अडकवलेली चिठ्ठी. त्या चिठ्ठीवरून तो ठरवतो, हे उचलायचं की ते.

माझा भाचा पुण्यात या चिठ्ठ्या लिहिण्याचं काम करतो. एकदा म्हणाला, “मामू, तुमचं आयुष्य शब्दांत गेलं. जरा नजर टाका.” एका चिठ्ठीवर होतं, ‘स्लॅबची स्थिती पूर्ण अशी नोंदवते.’ बस्स, एवढंच. मी विचारलं, “अरे, पूर्ण म्हणजे काय? सेंटरिंग लावून झालं? सळई बांधून झाली? काँक्रीट भरलं? की टेकू काढले?” हे चार वेगळे दिवस आहेत. काँक्रीट भरलं म्हणजे स्लॅब स्वतःच्या पायावर उभा राहिला असं नव्हे. साधं सिमेंट आणि नेहमीचं हवामान असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे किमान १४ दिवस ठेवावेत, असं आपलं ‘आयएस ४५६ : २०००’ हे मानक सांगतं. एजंटने ‘पूर्ण’ वाचलं आणि सेंटरिंगवाल्याला ‘खोलायला या’ असा निरोप धाडला, तर स्लॅब मथळ्यातल्या अर्थाने पडेल. खाली माणसं असतील.

कुणी म्हणेल, यंत्राला हे मानक पाठ असतंच की! असेल. पण ते ग्रंथातलं ज्ञान झालं. या कंपनीत, या वहीत ‘पूर्ण’ कशाला म्हणतात, हे कोणत्याच ग्रंथात नाही. ते चिठ्ठीतच लिहावं लागतं.

आपल्याकडचा ‘ब्रास’ घ्या. वाळू, खडी मोजताना ब्रास म्हणजे शंभर घनफूट. फरशी किंवा गिलावा मोजताना तोच ब्रास शंभर चौरस फुटांचा होतो. मुकादमाला हे सांगावं लागत नाही. यंत्राच्या तक्त्यात नुसतं ‘प्रमाण’ लिहून एकक गाळलं, तर मागवलं काय आणि आलं काय! तसाच ‘दिवस’. मुदतीचे दिवस रविवार धरून की सोडून? आणि ‘मंजूर’. वास्तुविशारद पुष्कळदा ‘नोंदवलेल्या दुरुस्त्यांसह मंजूर’ असा शेरा मारतो. त्यातली दुरुस्ती गळून नुसतं मंजूर उरलं, तर चुकीच्या मापाच्या खिडक्या कारखान्यातून तयार होऊन येतात.

म्हणून चांगल्या चिठ्ठीत हत्यार काय करतं याइतकंच ते काय करत नाही, हेही लिहिलेलं असतं. नुसतं वाचणारं कोणतं, वही बदलणारं कोणतं, पुसून टाकणारं कोणतं, हे वेगळं सांगावं लागतं. त्या पद्धतीत अशा खुणा करण्याची सोय आहे. पण खूण म्हणजे कुलूप नव्हे. टेकू काढण्याचा निर्णय अभियंत्याच्या सहीशिवाय पुढे सरकू नये, ही व्यवस्था प्रणालीतच पक्की बसवायला हवी. चिठ्ठीतल्या शब्दांवर तेवढा भार टाकू नये.

मी कवी आहे. एका शब्दातून दोन अर्थ निघाले की आम्ही खूश होतो. इथे मात्र श्लेष हा दोष आहे. आणि साइटची बोली तर श्लेषांनी भरलेली. इमारत, मजला, नकाशा, मुकादम हे शब्द अरबीतून आले, मिस्त्री पोर्तुगीजांकडून आला, स्लॅब इंग्रजीतून. ज्यांनी ते वापरले त्यांनी त्यांना आपापले अर्थ दिले. ते अर्थ संगणकासमोर वातानुकूलित खोलीत बसून सापडायचे नाहीत.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, की चिठ्ठी लिहिण्याआधी एक दिवस साइटवर जा, मुकादमाशेजारी उभा राहा आणि त्याला विचार, ‘झालं’ असं तुम्ही केव्हा म्हणता? तो गेला. त्या एका चिठ्ठीच्या आता चार झाल्या आहेत. टेकूंच्या चिठ्ठीवर भरल्याची तारीख, गाळ्याचं माप आणि सही करणाऱ्याचं नाव विचारलेलं आहे. चिठ्ठी लांबली, वाचायला रूक्ष झाली. पण स्लॅबखाली काम करणाऱ्याला ती रूक्ष वाटणार नाही.