फोटोखालचे नाव

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



महिला मंडळाला आज बोलण्यासाठी वेळ दिला, याबद्दल आम्ही संस्थेचे आभारी आहोत. दरवर्षी आमच्याकडे स्वागतगीत, रांगोळी आणि भोजनाची व्यवस्था असते. यंदा भाषणही आहे. भोजन यंदाही आम्हीच केले आहे, हे ओघात सांगितलेले बरे.

‘स्त्री-पुरुष समानता’ या विषयावर आपण सर्वांनी शाळेपासून निबंध लिहिले आहेत. म्हणून आम्ही निबंध वाचणार नाही. एका फोटोपासून सुरुवात करतो.

या स्मरणिकेसाठी जुने फोटो हवे होते, म्हणून आम्ही संस्थेचे कपाट उघडले. तळाशी एक कृष्णधवल फोटो सापडला. खुर्च्यांवर नऊ पुरुष बसलेले, मागे अकरा उभे, आणि पुढे सतरंजीवर आठ स्त्रिया. दोघींच्या मांडीवर मुले आहेत. खालच्या पुठ्ठ्यावर शाईने सुंदर अक्षरात नावे लिहिली आहेत. ‘बसलेले, डावीकडून’, ‘उभे, डावीकडून’ अशी वीसच्या वीस नावे, हुद्द्यांसह. त्याखाली एक ओळ आहे : ‘खाली बसलेल्या महिला कार्यकर्त्या’. नाव एकीचेही नाही.

आम्ही तो फोटो घेऊन वस्तीतल्या जुन्या बायकांकडे गेलो. चष्मे पुसून झाले, वाद झाले, आणि पाच नावे मिळाली. त्यातल्या एका आजींनी विहाराच्या बांधकामाला लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी वाहिले होते. त्यांची नात आज या सभागृहात बसली आहे. आपली आजी त्या फोटोत आहे, हे तिला परवापर्यंत ठाऊक नव्हते. उरलेल्या तिघींची नावे अजून मिळालेली नाहीत.

ज्याने ती नावे लिहिली त्याच्या मनात काही वाईट नसणार. नावे लिहिण्याचे कारण त्याला वाटले नाही, इतकेच. परंतु ‘कारण वाटले नाही’ या तीन शब्दांत किती बायांचे आयुष्य गडप होते, त्याविषयी आम्हाला बोलायचे आहे.

फोटोचा विषय निघाला म्हणून होमाई व्यारावाला यांची हकिकत सांगतो. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची ओळख आहे. जन्म १९१३ चा, नवसारीचा, पारशी कुटुंबातला. शिक्षण मुंबईत, जे. जे. कला विद्यालयात. त्यांचे पती माणेकशा यांच्याकडून त्या कॅमेरा शिकल्या आणि मुंबईचे रोजचे जीवन टिपू लागल्या. फोटो चांगले होते, छापूनही येत. पण सुरुवातीला ते छापले जात पतीच्या नावाने. काढणारी एक आणि नाव दुसऱ्याचे! बाईने काढलेला फोटो म्हटले की संपादक आधी बाईकडे पाहणार आणि मग फोटोकडे, असा तो काळ होता.

१९४२ साली त्या दिल्लीला गेल्या. अवजड कॅमेरा आणि फ्लॅशचे दिवे घेऊन, साडी नेसून, सायकलवरून फिरत त्यांनी काम केले. स्वातंत्र्याचा सोहळा, गांधीजींची अंत्ययात्रा, माउंटबॅटन यांची रवानगी हे सगळे त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच वर्षी दलाई लामा नथू ला खिंडीतून सिक्कीममध्ये आले, तेव्हाचे फोटोही होमाईंनी काढलेले आहेत. ‘डालडा १३’ असे त्यांचे टोपणनाव होते. जन्मसाल १३, पतीची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी, आणि मोटारीचा क्रमांक डी. एल. डी. १३, अशी त्यामागची गंमत. १९७० साली त्यांनी हे काम सोडले. पद्मविभूषण मिळाला २०११ साली, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये त्या गेल्या.

होमाईंना शिक्षण होते, शहर होते, घरात कॅमेरा होता. आमच्या सतरंजीवरच्या आठजणींकडे यातले काहीच नव्हते. त्यांच्यासारख्यांची नावे कोणी शोधायची? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी ते काम अंगावर घेतले. आंबेडकरी चळवळीतल्या जुन्या कार्यकर्त्यांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून, त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढले. विद्यार्थिनींनी ते वाचनालयातून मागून घ्यावे. त्यातल्या स्त्रियांच्या हकिकती वाचल्या तर कळते की सभेला गर्दी करण्यापलीकडे त्यांनी पुष्कळ काही केले होते.

महाडकडे जाणारा महामार्ग आपल्या पळस्प्यावरूनच सुटतो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेसाठी आलेल्या स्त्रियांशी बाबासाहेब महाडला स्वतंत्रपणे बोलले. नेसण्या-राहण्यापासून मुलींच्या शाळेपर्यंत बोलले. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. तेथे घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाची बंदी, कामगार स्त्रियांच्या कामाच्या अटी असे ठराव झाले. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी त्या परिषदेत सांगितले. ते मोजमाप आपण भिंतीवर लिहून ठेवले. मोजायला मात्र कोणी बसत नाही.

आता मैदानाकडे येऊ. रायगडात कबड्डी न खेळलेले घर सापडणे कठीण. पुरुषांची कबड्डी आशियाई स्पर्धेत आली १९९० साली, बीजिंगला. महिलांची आली २०१० साली, ग्वांगझूला. मध्ये वीस वर्षे! एका मुलीचे संपूर्ण खेळण्याचे वय त्यात निघून जाते. आणि आल्या त्या काय करून आल्या? २०१० ला सुवर्ण, २०१४ ला सुवर्ण, २०१८ ला रौप्य, आणि २०२३ मध्ये हांगझूला पुन्हा सुवर्ण. २०१२ साली पाटण्याला महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के आणि दीपिका जोसेफ होत्या. दूरदर्शन संचावर रोज रात्री दिसणारी प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली, ती पुरुषांची. महिलांसाठी २०१६ साली तीन संघांची छोटी स्पर्धा करून पाहिली, पुढे ती चालवली नाही.

क्रिकेटमध्ये थोडे बरे झाले आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महिलांची सामन्यामागची फी पुरुषांइतकी करण्यात आली. परंतु २०२४-२५ च्या वार्षिक करारात पुरुषांची सर्वात वरची श्रेणी सात कोटींची, आणि महिलांची पन्नास लाखांची होती. २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तो आपल्या नेरूळला, पनवेलहून लोकलने अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्या रात्री आपल्या वस्तीतही फटाके वाजले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या मुली सरावाला गेल्या तेव्हा मैदान मुलांनी अडवलेलेच होते.

हे आम्ही चेष्टेने सांगत नाही. आमच्या मुलींचा कबड्डीचा संघ आहे. मैदान मुलांचे होईपर्यंत थांबायचे, तोवर दिवेलागण होते, आणि दिवेलागणीच्या आत घरी या, अशी घरची ताकीद. मग खेळायचे कधी? कपडे बदलायला आडोसा नाही. दहावी झाली की एकेक मुलगी कमी होते. गेल्या काही वर्षांत चांगल्या चढाया करणाऱ्या मुली आम्ही अशाच गमावल्या. कोणी त्यांना खेळू नको म्हणाले नाही. वेळच दिला नाही.

कामाच्या जागेचे तर रोजचेच आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ साली मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या. देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. मालगाडी चालवली, २००० साली महिला विशेष लोकल चालवली, ८ मार्च २०११ रोजी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली, १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत आणली आणि सप्टेंबर २०२५ अखेर निवृत्त झाल्या. इंजिनात बहुधा स्वच्छतागृह नसे. त्या परिस्थितीत ३६ वर्षे नोकरी. त्यांचा हुद्दा मात्र चालकाचाच होता, आणि पगारपत्रकावर तोच छापलेला होता. हुद्द्याचे महत्त्व का, ते आमच्यातल्या एकीच्या अनुभवावरून सांगतो.

ती जवळच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात बारा वर्षे आहे. मशीन अडले तर तीच सुरू करते, नवीन आलेल्या मुलांना तीच शिकवते. तिने शिकवलेला एक मुलगा तीन वर्षांत ‘ऑपरेटर’ झाला. ती कागदावर अजून ‘हेल्पर’ आहे. विचारले तर उत्तर मिळाले, बाई रात्रपाळी करत नाहीत. रात्रपाळी कधी कोणी देऊ केलीच नव्हती! समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या ३९ व्या अनुच्छेदात मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला, पुढे तीच तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत आली. पण काम समान आहे हे दाखवायचे कशाने? कागदावर हुद्दाच वेगळा लिहिला की दोन कामे समान राहत नाहीत. पुठ्ठ्यावरची ती ओळ आणि हे पगारपत्रक, दोन्हींत आम्हाला एकच हात दिसतो. तिने दोन मैत्रिणींसह लेखी अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही. अर्जाची पोहोच तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बाळंतिणींना भत्ता आणि विश्रांती देण्याचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले, आणि १९२९ साली कायदा झाला. आज आपल्या कितीतरी भगिनी खारघर, खांदा कॉलनीकडे घरकामाला जातात. त्यांना ना बाळंतपणाची रजा, ना हजेरीचे कागद. एक गोष्ट मात्र त्यांनी लक्षात ठेवावी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही लागू आहे, आणि त्यांची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. त्या कायद्याच्या मागे १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आहे, आणि निकालाच्या मागे राजस्थानातल्या भंवरी देवी. बालविवाह थांबवण्याचे सरकारी काम केले म्हणून १९९२ साली त्यांच्यावर अत्याचार झाला.

आता थोडे घरचे. पनवेलची नगरपालिका १८५२ पासूनची. २०१६ साली महानगरपालिका झाली, आणि तिच्या पहिल्या महापौर झाल्या डॉ. कविता चौतमोल. राज्यातल्या स्थानिक संस्थांत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना आहेत. आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीत तेरांपैकी दोन, आणि त्या दोघींचा हुद्दा ‘महिला प्रतिनिधी’. खजिनदार, सचिव ही पदे आम्हाला जड जातील असे कोणाला वाटत असेल, तर बचत गटाच्या वह्या येऊन पाहाव्यात. पैशाचा हिशेब एका रुपयाने चुकलेला नाही.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. येत्या निवडणुकीत सचिव किंवा खजिनदार यांपैकी एक पद स्त्रीला द्यावे. संध्याकाळी पाच ते सहा मैदान मुलींचे असावे, आणि ते सूचनाफलकावर लिहावे. संस्थेचा कॅमेरा पुढच्या कार्यक्रमाला आमच्या दोन विद्यार्थिनींच्या हाती द्यावा. त्या शिकल्या आहेत, थोड्या चुकतील. आणि या स्मरणिकेत जितके फोटो छापले जातील, त्यातल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव खाली असावे. स्वयंपाकघरातल्या फोटोतही.

तो जुना फोटो आम्ही दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. शेजारी वही आणि पेन आहे. डावीकडून दुसरी, सहावी आणि शेवटची, या तिघींची नावे हवी आहेत. शेवटच्या बाईच्या मांडीवरचे मूल आज साठीच्या पुढे असेल, कदाचित इथेच बसले असेल. जेवायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा पाहून जावे.

जयभीम.